नवी रायफल घेतली की काम झालं?

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात एक समज वर्षानुवर्षं ऐकतोय: सरकारने मनात आणलं तर लष्कराची जुनी रायफल 'इन्सास' वर्षभरात बदलता येईल, एका रायफलीची किंमत गुणिले जवान, एवढाच हिशोब.

हे खरं नाही, आणि ते वरणगावकरांनी तरी मानू नये. आपल्याच आयुध निर्माणीत ५.५६ मिमीची काडतुसं बनतात. ती इन्सासची. २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० अमेरिकन सिग रायफलींना ७.६२ बाय ५१ (गोळीचा व्यास बाय पुंगळीची लांबी, मिमीमध्ये) काडतूस लागतं, एके-२०३ या रशियन बनावटीच्या नव्या रायफलीला ७.६२ बाय ३९. दोन्ही '७.६२' असली तरी एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. म्हणजे काडतुसांचं उत्पादन, मॅगझिन, सुटे भाग, दुरुस्तीची अवजारं, आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं) शिक्षण, जवानांचा सराव, सगळं नव्याने. रायफलीच्या किमतीत यातलं बरंचसं दिसतच नाही.

आणि वेळ? सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा, सुमारे ५,००० कोटींचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. अमेठीतल्या कोरव्याच्या कारखान्यातून जुलै २०२४ पर्यंत ३५,००० हाती आल्या. तोवर सीमेवरच्या जवानाला जुन्या रायफलीचीही काडतुसं पुरवावीच लागतात, म्हणून वरणगावचं ५.५६ चं काम एका रात्रीत थांबत नाही.