जाड पत्रा, खारा वारा

‘जुन्या गाडीचा पत्रा बघा, हत्ती बसला तरी वाकायचा नाही. खाऱ्या हवेत टिकेल तर हीच. नव्या गाड्या म्हणजे डालड्याचे डबे!’ मालवणात हे मी लहानपणापासून ऐकतोय. पत्रा जाड असेलही, पण गंज जाडी बघून येत नाही.

एका मित्राकडे एमजीबी आहे, १९६२ ते १९८० या काळात बनलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. रंग चकाचक. दाराखालच्या सिलला, म्हणजे तिथल्या लांब पत्र्याच्या पेटीला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर ओल्या पापडात शिरावा तसा आत गेला आणि लाल भुगा चपलेवर. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सिल हाच तिचा कणा, आणि तो पोकळ. आत खारी दमट हवा शिरते, मीठ ओल धरून ठेवतं, निचऱ्याची भोकं तांबड्या मातीने बुजतात.

आजच्या परफॉर्मन्स कारच्या पोलादावर बहुधा जस्ताचा थर असतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड मागाहून. शिवाय अख्खी बॉडी प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या) टाकीत बुडवून विजेने थर चढवतात. तो पोकळीतही पोचतो. (पोर्शने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारला जस्त सत्तरच्या दशकातच दिलं, तेव्हा ‘जुनी’ म्हणजे कुठली, हे आधी विचारावं.) नवीचं दुखणं निराळं: वायरींच्या जोडांत हिरवट थर धरतो आणि बिघाड शोधण्यात मेकॅनिकचा दिवस जातो.

मित्राने गाडी विकली नाही. सिल नवे बसवले, आत मेण फवारलं. दर रविवारी गोड्या पाण्याने खालून धुतो. घट्ट ताडपत्री मात्र काढून टाकलीय; तिच्याखाली ओल कोंडायची.