पाठ-अभ्यास (शिक्षकांचा)

चार ते सहा शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने तो वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी मुले कशी शिकतात ते टिपायचे आणि चर्चेनंतर सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घ्यायचा, या पद्धतीला पाठ-अभ्यास म्हणतात. मूळ जपानी नाव ‘जुग्यो केनक्यू’. तिथे ती मेइजी काळापासून रुजली. बाहेर तिचा बोलबाला झाला तो १९९९ नंतर.

विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांत तिची गल्लत होते ती शिक्षण परिषदेतल्या (आसपासच्या शाळांच्या ‘केंद्रा’तल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीतल्या) ‘आदर्श पाठा’शी. आदर्श पाठ दाखवायचा असतो, हा तपासून पाहायचा. म्हणून पाठ फसला तर तो घेणाऱ्या बाईंचा नव्हे, सगळ्या गटाचा फसतो.

साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक. त्यातला एक बाहेर पडला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे गट शाळेत नव्हे, केंद्रात जमतो आणि पाठ शिक्षण परिषदेच्या दिवशी ठेवणे सोयीचे जाते. शाळा जूनअखेर उघडतात; जुलै-ऑगस्टात पहिली फेरी उरकावी. कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी घटते आणि दोन फेऱ्यांची तुलनाच होत नाही.

सर्वांत जास्त वेळ आखणीला द्यावा. समजा, चौथीचा घटक आहे हातच्याची वजाबाकी, उदाहरण ४०२ − १६८. मुले काय चुकतील ते गट आधीच लिहून काढतो. बरीच मुले प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून ३६६ लिहितात. दशकाच्या घरात शून्य असल्याने हातचा कुठून आणायचा, हे त्यांना कळत नाही. साहित्य म्हणून तुराट्यांचे तुकडे घेतले, तर एका संचाला चारशेवर काड्या लागतात. मोजण्यातच तास जातो. त्यापेक्षा १०२ − ६८ घ्यावे. इथे तीच चूक १६६ देते, म्हणजे वजा करून संख्या वाढली! हे मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येते. शंभराचा गठ्ठा मात्र दहा-दहाच्या दहा जुड्यांचा बांधावा. शंभर सुट्या काड्या एकत्र बांधल्या, तर गठ्ठा सोडताच दशक दिसेनासा होतो आणि मुले एकेक काडी मोजत बसतात.

पाठाच्या वेळी प्रत्येक निरीक्षकाकडे दोन-तीन मुले. वेळ, मुलाने काय लिहिले, काय खोडले, शेजाऱ्याला काय विचारले एवढेच वहीत उतरवायचे. मुलाला मदत करायची नाही. शिक्षकाला हेच सर्वांत जड जाते. चर्चा त्याच दिवशी, तासाभरात. आधी पाठ घेणारा बोलतो, मग बाकीचे. ‘मॅडम, छान झाला’ किंवा ‘सर, आवाज कमी पडला’ याचा उपयोग नाही. ‘१२ व्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतल्या मुलीने जुडी सोडली, पण दशक कमी केला नाही’ याचा आहे.

बिघडते ते बहुधा ठरावीक ठिकाणी. पाठाची आदल्या दिवशी रंगीत तालीम होते आणि मुले उत्तरे पाठ करून येतात. केंद्रप्रमुख मागे बसले की तपासणी वाटते. त्यांनीही दोन मुले वाटून घ्यावीत. शेवटच्या एसटीच्या धास्तीने चर्चा दहा मिनिटांत गुंडाळली जाते आणि अहवालात फोटो तेवढा उरतो. दुसरी फेरी तर पुष्कळदा होतच नाही, आणि तिच्याशिवाय बदल कामी आला की नाही हे कळणार कसे?

मेळघाटात निरीक्षकांपैकी किमान एकाला तिथली कोरकू ही आदिवासी भाषा यायला हवी. नाहीतर मुले काड्या मांडताना आपसात जो हिशेब बोलतात, तो वहीत ‘गोंगाट’ म्हणून लिहिला जातो.