काळ्याकुट्ट फोटोतून मृगाचा तेजोमेघ बाहेर काढताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे गेलं, की अजून बऱ्यापैकी काळोख मिळतो. पाऊस सरून आभाळ निवळल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे इथले आकाशाचे फोटो काढायचे दिवस. साधा डीएसएलआर आणि तिपाई असेल, तर सुरुवात मृग नक्षत्रापासून करावी. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मधोमध सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आहे.

तिपाईवरचा कॅमेरा स्थिर असतो आणि आभाळ दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. त्यामुळे 50 मिलिमीटरच्या लेन्सने पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त उघडीप दिली, म्हणजे शटर उघडं ठेवलं, की ताऱ्यांच्या रेघा होतात. एवढ्याशा वेळात टिपलेला फोटो जवळजवळ काळाच दिसतो. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तेजोमेघ त्या फोटोत आलेला असतो.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा फोटो, 14 बिटची असेल, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16,384 पायऱ्या असतात. जेपेग या नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या फोटोत फक्त 256. समजा, रिकाम्या आभाळाच्या उजेडाचा आकडा 900 आला, तेजोमेघाच्या कडेचा 930 आणि ठळक ताऱ्याचा 15,000. रॉमध्ये कड आणि आभाळ यांत 30 पायऱ्यांचं अंतर आहे. जेपेगमध्ये ते जेमतेम एका पायरीवर येतं, किंवा तेवढंही उरत नाही. म्हणून रॉच हवी.

पण या 30 पायऱ्यांवर नॉइजही, म्हणजे फोटोतला रवाळ गोंधळ, बसलेला असतो. तो प्रत्येक फोटोत वेगळा, कधी वर कधी खाली. तेजोमेघाचा प्रकाश मात्र दरवेळी तिथेच. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर जुळवून सगळ्या फोटोंची सरासरी काढतात. 16 फोटोंत नॉइज चौथाईवर येतो, 100 फोटोंत दहाव्या हिश्श्यावर. लेन्सला टोपी लावून, तेवढीच उघडीप देऊन काढलेल्या डार्क फ्रेम सेन्सरचे स्वतःचे डाग वजा करतात. त्या त्याच रात्री, तशाच थंडीत काढाव्यात.

मग येतं स्ट्रेचिंग, म्हणजे अंधारातल्या पायऱ्या ताणून उजळ करणं, आणि खरा हात इथेच बसतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती ठिपके आहेत त्या आलेखात, सगळी माहिती डावीकडे एका अरुंद सुळक्यात दाटलेली दिसते. तो सुळका हळूहळू रुंद करायचा, म्हणजे 900 आणि 930 डोळ्यांना वेगळे दिसू लागतात आणि ठळक तारे फार फुगत नाहीत. एकदम जोर लावला तर तेजोमेघाचा गाभा पांढरा पडतो. हिस्टोग्रामची डावी कड फार आत ओढली तर आभाळ काळंभोर होतं खरं, पण कडेचे मंद पदर त्यातच बुडतात. आभाळ किंचित राखाडी ठेवलेलं मला बरं वाटतं.

कणकुंबीहून पाहिलं तर बेळगाव शहराचा उजेड पूर्वेकडेच येतो आणि मृगही तिकडूनच उगवतो. त्यामुळे फोटोच्या एका कडेला पिवळट झाक येते. ती सॉफ्टवेअरने काढता येते, पण डिसेंबरच्या मध्यात मध्यरात्रीच्या सुमाराला मृग जवळपास 70 अंश वर येतो, तेव्हा ती मुळातच कमी असते. थांबलेलं बरं.

“रंग भरलायस की काय?” असं घरचे हमखास विचारतात. नाही, लाल रंग हायड्रोजनचा आहे, 656.3 नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यातला सेन्सरसमोरचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, म्हणून आपला तेजोमेघ फिकट गुलाबी येतो. तो तसाच ठेवावा. मोठ्या दुर्बिणीतल्या फोटोसारखा दिसावा म्हणून लाल ओढत नेला, तर टिपलेल्या प्रकाशात नसलेलं काहीतरी आपण दाखवत असतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथलं आभाळ ढगांनी भरलेलं. हे महिने जुन्या फाइली पुन्हा उघडून नव्याने स्ट्रेच करायला उत्तम. त्यासाठी रॉ आणि डार्क दोन्ही जपून ठेवा; नुसते जेपेग उरले, तर ते 30 पायऱ्यांचं अंतर परत मिळत नाही.