अमेरिकेतली शेती सबसिडी: चेक नक्की कोणाच्या नावाने निघतो?

आपल्याकडे कापसाचे भाव पडले की अमेरिकन सबसिडीचा विषय हमखास निघतो, पण ही भानगड सुरू कशी झाली ते समजून घ्यायला आर्कान्सा राज्यातली पॉइन्सेट काउंटी बघावी (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा).

१९३३ साल. मंदीत कापसाचे भाव पार झोपलेले. मे महिन्यात कायदा झाला आणि कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्याने सांगितलं, पीक कमी करा, पैसे आम्ही देतो. पण तोवर पेरण्या उरकल्या होत्या, मग काय, उभ्या कापसात नांगर घालायला लावला, जवळपास १ कोटी एकर! पैसा उभा केला गिरणीवाल्यांसारख्या प्रोसेसिंगवाल्यांवर टॅक्स लावून. तो टॅक्स १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवला तर सरकारने तेच काम जमिनीची धूप थांबवायच्या नावाखाली चालू ठेवलं, म्हणजे नाव बदलून जुनी योजना रेटायची आयडिया काही आपलीच नाही.

खरी गोम अशी की करार जमीनमालकाशी व्हायचा. पॉइन्सेटमध्ये कापूस पिकवणारे बरेचसे बटईवाले, गोरे पण आणि काळे पण. मालकाने त्यांचा वाटा द्यावा, कुळांना शक्यतो काढू नये असं कागदावर होतं, पण योजना राबवणाऱ्या लोकल कमिटीवर वजन मोठ्या मालकांचंच, मग तक्रार करायची कोणाची आणि कोणाकडे? पेरा घटला की माणसंही कमी लागतात, करा घर रिकामं. शेवटी जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावाजवळ ११ गोरे आणि ७ काळे एकत्र बसले आणि कुळांची युनियन काढली, तेही तेव्हाच्या अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गोऱ्या-काळ्यांनी असं एकत्र बसणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तिकडे वॉशिंग्टनमध्ये खात्यातल्याच काही वकिलांनी कुळांच्या बाजूने कराराचा अर्थ लावला, तर फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नारळ दिला.

आपली पीएम किसानसुद्धा सातबारावरच्या नावाला वर्षाला ६,००० रुपये देते, मक्त्याने कसणाऱ्याच्या हाती काही नाही, त्यामुळे हे वाचताना फार लांबचं वाटत नाही.

पुढे १९७० मध्ये एका शेतकऱ्याच्या सबसिडीवर एका पिकामागे ५५ हजार डॉलरची मर्यादा आली, तर लोकांनी कागदावर शेत मुलं-पुतण्यांत वाटून टाकलं. २००२ च्या कायद्याने तर कमालच केली, जुन्या पेऱ्याच्या रेकॉर्डवर ठराविक रक्कम, यंदा पेरा नाहीतर पेरू नका. टेक्सासात जुन्या भाताच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्यांनाही पैसे गेले. ब्राझीलने कापसाच्या सबसिडीवरून डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) केस जिंकली, तर स्वतःची सबसिडी लगेच तोडण्याऐवजी अमेरिकेने काही वर्षं ब्राझीलच्याच कापूसवाल्यांना पैसे दिले!

ती ठराविक रक्कम २०१४ मध्ये बंद झाली आणि काउंटीचं महत्त्व आणखी वाढलं. एका नव्या स्कीममध्ये काउंटीचं सरासरी उत्पन्न पडलं तरच पैसे, तुमचं एकट्याचं शेत बुडालं तर त्यात काही नाही. चीनशी टॅरिफचं (आयात शुल्काचं) भांडण झाल्यावर २०१९ मध्ये जी भरपाई दिली तिचा दरही काउंटीनुसार, एकरी १५ ते १५० डॉलर, म्हणजे हद्दीच्या अलीकडे-पलीकडे तेच सोयाबीन आणि चेक वेगळा, आणि चढे दर जास्त करून दक्षिणेतल्या कापसाच्या काउंट्यांना.