ओपन सोर्स गेमची कॉपीराइट नोंदणी: कोडचा अर्ज वेगळा, चित्रांचा वेगळा

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘गेम’ असा वर्गच नाही. कायद्याच्या नजरेत कोड ही साहित्यकृती आहे, पात्रांची चित्रं आणि टाइलसेट (नकाशा जोडण्याचे चित्र-तुकडे) ही कलाकृती, थीमची चाल ही संगीतकृती आणि तिचं रेकॉर्डिंग हे वेगळं ध्वनिमुद्रण. संवाद आणि कथेचा मजकूर पुन्हा साहित्यात जातो, पण कोडपासून स्वतंत्र. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे एका अर्जात एकच कृती बसते. त्यामुळे ‘आमच्या गेमची नोंदणी करायची आहे’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो, की यातल्या कशाची?

नोंदणी सक्तीची नाही. कृती तयार झाली की हक्क आपोआप मिळतो. नोंदवहीतली नोंद मात्र कलम ४८ नुसार प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. कुणी तुमचा गेम उचलून, श्रेयनामावली काढून, अ‍ॅप स्टोअरवर स्वतःच्या नावाने टाकला, तर तक्रारीसोबत हे प्रमाणपत्र जोडता येतं. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला, बदलायला आणि वाटायला खुला ठेवणं, आणि नोंदणी यांचं भांडणही नाही. जीपीएल (बदललेला कोड वाटताना तोही खुला ठेवायला लावणारा परवाना) असो की क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी, चित्रं-संगीत-मजकुरासाठीचे परवाने), दोन्ही कॉपीराइटवरच उभे आहेत. ज्याच्याकडे हक्क नाही, त्याला अटही घालता येत नाही.

अर्जाआधी परवाने ठरवा

अर्ज अडकतात ते फॉर्म भरताना नव्हे, त्याच्या खूप आधी. कोड कुणाचा, चित्रं कुणाची आणि ती कोणत्या अटीवर आली, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

जुन्या प्रकल्पांकडे पाहिलं की वाटण्या कशा होतात ते कळतं. ‘झिरो ए.डी.’चा कोड जीपीएलखाली आणि चित्रं-संगीत सीसी बाय-एसएखाली (श्रेय द्या आणि बदललेली कृतीही त्याच परवान्यात ठेवा) आहे. ‘रायझम’ या ऑनलाइन गेमने मे २०१० मध्ये कोड एजीपीएल ३ (ऑनलाइन वापरासाठीचा जीपीएलचा कडक प्रकार) खाली आणि कलासामग्री सीसी बाय-एसए ३.० खाली खुली केली. ‘प्लेनशिफ्ट’ने उलटा रस्ता धरला: कोड जीपीएल, पण चित्रं आणि कथाविश्व स्वतःच्या बंदिस्त परवान्यात. ‘डूम’चा कोड खुला झाला, त्यातली पातळ्या-चित्रांची फाइल नाही, म्हणून ‘फ्रीडूम’ प्रकल्पाला सगळी चित्रं नव्याने काढावी लागली.

ऑनलाइन गेमसाठी आमचं मत स्पष्ट आहे. सर्व्हरचा कोड असेल तर साध्या जीपीएलपेक्षा एजीपीएल ३ घ्या. जीपीएलची अट प्रत वाटल्यावर लागू होते; कुणी तुमचा सर्व्हर बदलून स्वतःच्या यंत्रावर चालवला, तर तो काहीच वाटत नसतो आणि बदल दाखवायलाही बांधील नसतो. एजीपीएलचं कलम १३ नेमकी हीच फट बुजवतं. चित्रांना जीपीएल लावता येतो, पण मग ‘सोर्स’ म्हणजे काय हा वाद सुरू होतो: सपाट पीएनजी की थरांसकट मूळ फाइल? सीसी बाय-एसए ४.० मध्ये ही कटकट नाही. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सने ऑक्टोबर २०१५ मध्ये बाय-एसए ४.० ची सामग्री जीपीएल ३ च्या प्रकल्पात नेण्याची वाट मोकळी केली. ही वाट एकतर्फी आहे, उलट जाता येत नाही.

‘व्यावसायिक वापरास मनाई’ असलेली, म्हणजे एनसी अक्षरांची चित्रं टाळा. ती आली की डेबियन या लिनक्स प्रणालीच्या मुख्य भांडारात गेम बसत नाही आणि एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड अ‍ॅपच्या भांडारात त्याच्या माथी ‘मुक्त नसलेले असेट’ असा शिक्का बसतो. विकत घेतलेली स्टॉक चित्रं त्याहून वाईट. तयार गेममध्ये ती वापरायला परवानगी असते, सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड आणि फाइली ठेवण्याच्या ऑनलाइन भांडारात) मूळ फाइल ठेवायला बहुधा नसते.

काही गोष्टी मधल्या मधे लटकतात. ल्युआ भाषेतल्या स्क्रिप्ट आणि शेडर (पडद्यावर रंग-प्रकाश रेखाटणारे छोटे प्रोग्राम) कोडमध्ये धरा. नकाशाची फाइल चित्रांमध्ये धरायची की कोडमध्ये, ते एकदाच ठरवून लिहून ठेवा. फॉन्ट स्वतंत्र. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ वापरलात तर तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली राहतो. परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यावा लागतो आणि फॉन्ट तुमच्या नावावर नोंदवता येत नाही.

आता भारतीय कायद्यातली एक खाच, जी परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही. कलम ३०-अ नुसार कलम १९ च्या तरतुदी आवश्यक फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. कलम १९ सांगतं, की मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरायची आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. जीपीएल ३ मध्ये ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ असं म्हटलेलं आहे, सीसी ४.० मध्ये मुदत आणि ‘जगभर’ दोन्ही आहे. जीपीएल २ आणि एमआयटी या आणखी एका खुल्या परवान्यात मुदतीचा शब्द नाही. कोर्ट काय म्हणेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा परवान्याच्या सूचनेत एक ओळ घाला: ‘हा परवाना कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि संपूर्ण जगासाठी दिला आहे.’

अर्ज कोण करू शकतं

लेखक म्हणजे निर्माता, हक्काचा मालक, किंवा ज्याच्या नावे हक्क हस्तांतरित झाले आहेत तो. कंपनी, संस्था, एकटा माणूस, कुणीही चालतं. वकिलामार्फत केला तर वकीलपत्र लागतं.

मालक कोण, हे ठरवताना कलम १७ वाचा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा म्हणजे कंपनीचा. दिवसा आयटी कंपनीत आणि रात्री गेमवर काम करणाऱ्यांनी नियुक्तीपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम आधी तपासावं आणि शंका असेल तर कंपनीकडून ना-हरकत घ्यावी. मोबदला देऊन काढून घेतलेलं पेंटिंग, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचं असतं. पण फुकट काम करणाऱ्या चित्रकाराला हे लागू नाही. त्याचं चित्र त्याचंच. थ्रीडी मॉडेल ‘पेंटिंग’ ठरतं का, यावर वाद घालत बसू नका, सरळ लेखी हस्तांतरण घ्या.

हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं हवं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला हे सगळं यावं. कलम १९(४) कडे विशेष लक्ष द्या: हक्क घेणाऱ्याने हस्तांतरणाच्या तारखेपासून एका वर्षात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात आल्याचं मानलं जातं. स्वयंसेवकांच्या गेममध्ये एखादं पात्र दोन-दोन वर्षं फोल्डरात पडून राहतं. म्हणून ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ हे वाक्य करारात घालाच.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, बाहेरून पाठवणाऱ्यांचं काय? प्रत्येकाचा कोड त्याचाच राहतो. बदलासोबत जोडलेली ‘सायन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ म्हणजे हे देण्याचा मला अधिकार आहे एवढंच प्रमाणपत्र, तिने हक्क तुमच्याकडे येत नाहीत. वाटा तीन आहेत: सगळ्यांना लेखक म्हणून दाखवून त्यांच्या सह्या आणि ना-हरकत गोळा करणं, प्रत्येकाकडून लेखी हस्तांतरण घेणं, किंवा फक्त मूळ गटाने लिहिलेली, बाहेरचं योगदान येण्याआधीची आवृत्ती नोंदवणं. चाळीस जणांच्या प्रकल्पाला तिसरी वाटच व्यवहार्य आहे.

कागदपत्रं

कोडसाठी: सोर्स कोडची किमान पहिली १० आणि शेवटची १० पानं, एकूण २० पानांहून कमी असेल तर सगळा कोड. हा नियम २०२१ च्या दुरुस्तीने आला. त्यात काळं केलेला किंवा झाकलेला भाग चालत नाही.

चित्रांसाठी: कृतीची स्पष्ट प्रत. एका पात्राच्या सगळ्या मुद्रा एका शीटवर असतील तर ती शीट एक कृती म्हणून द्या. आठशे पीएनजींचे आठशे अर्ज कुणी करत नाही. मुख्य पात्रं, नकाशा, मुखपृष्ठाचं चित्र एवढं पुरतं.

सामाईक: अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाची ना-हरकत; प्रकाशक वेगळा असेल तर त्याची; खऱ्या माणसाचा चेहरा दिसत असेल तर त्याची. चित्र वस्तूंवर, म्हणजे टी-शर्ट, मग, खेळणी यांवर वापरलं जात असेल किंवा वापरण्याजोगं असेल, तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं शोध-प्रमाणपत्र लागतं. ते टीएम-सी फॉर्मवर मागवायचं. गेममधल्या पात्रांना ही अट नकळत चिकटते, म्हणून विक्रीचा विचार असेल तर कॉपीराइटच्या अर्जाआधी हे हाती घ्या.

अर्ज कसा भरायचा

कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म चौदा भरायचा. सोबत ‘स्टेटमेंट ऑफ पर्टिक्युलर्स’ आणि, ध्वनिमुद्रण व चित्रपट सोडून बाकीच्या वर्गांना, ‘स्टेटमेंट ऑफ फर्दर पर्टिक्युलर्स’. कोडसाठी वर्ग ‘कॉम्प्युटर सॉफ्टवेअर’ निवडा.

प्रकाशित की अप्रकाशित, या रकान्यात बरेच जण चुकतात. रिपॉझिटरी सार्वजनिक असेल तर कृती प्रकाशित आहे, गेम अजून बीटात असला तरी. पहिल्या सार्वजनिक कमिटचं (रिपॉझिटरीत नोंदवलेल्या बदलाचं) वर्ष तिथे टाका आणि त्याचाच टॅग (आवृत्तीची खूण) नोंदणीच्या आवृत्तीशी जुळवा.

हक्कमालक आणि परवान्यांची माहिती मागणारा रकाना हा या अर्जाचा गाभा. तिथे ‘अर्जदार’ एवढंच लिहून सोडू नका. कोडच्या अर्जात साधारण असं येतं: ‘सर्व हक्क अर्जदाराकडे. नॉन-एक्सक्लुझिव्ह परवाना: ग्नू एजीपीएल आवृत्ती ३ किंवा नंतरची, अमुक तारखेपासून, संपूर्ण जगासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी.’ चित्राच्या अर्जात हेच, फक्त परवाना सीसी बाय-एसए ४.०. दोन्ही अर्जांत एकच परवाना चिकटवला, की पुढे कुणीही विचारेल, चित्रं नक्की कोणत्या अटीवर?

फर्दर पर्टिक्युलर्समध्ये कृती मूळ आहे की रूपांतर, हे विचारतात. दुसऱ्याच्या गेमचा फोर्क (त्याचा कोड घेऊन बनवलेली वेगळी आवृत्ती) असेल तर ‘मूळ’ लिहू नका. मूळ प्रकल्पाचं नाव, त्याचा परवाना आणि तुमची भर एवढाच हक्काचा भाग आहे, हे लिहा.

शुल्क असं: कोड, चित्र किंवा चाल, प्रत्येकी ५०० रुपये, वस्तूंवर वापरण्याजोगी कलाकृती २,००० रुपये, ध्वनिमुद्रण २,००० रुपये, कटसीनचा (गेममधल्या कथा-दृश्याचा) व्हिडिओ चित्रपट म्हणून नोंदवला तर ५,००० रुपये. कोड, तीन चित्रं, एक चाल आणि तिचं रेकॉर्डिंग यांचा हिशेब ४,५०० रुपये होतो. तीच तीन चित्रं टी-शर्टवर जाणार असतील तर ९,००० रुपये, आणि शोध-प्रमाणपत्राचा खर्च वेगळा.

पैसे भरले की डायरी नंबर मिळतो. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी. कृतीत ज्यांचा हितसंबंध आहे किंवा जे हक्क सांगतात, त्यांना अर्जाची सूचना अर्जदारानेच द्यायची असते. हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकल्या जातात; नाही आली तर छाननी होते. काही कमी पडलं तर त्रुटीपत्र येतं आणि त्यातल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ईमेल स्पॅममध्ये पडून अर्ज निकाली निघण्याचं प्रमाण कमी नाही, पोर्टलवर डायरी नंबर टाकून अधूनमधून पाहत जा.

कुठे फसतं

सगळा कोड एका पीडीएफमध्ये वर्णानुक्रमे लावला की पहिली १० पानं बहुधा एखाद्या तिसऱ्याच लायब्ररीची निघतात. तुम्ही दुसऱ्याचा कोड स्वतःच्या नावावर नोंदवायला दिलेला असतो. लायब्ररींचे फोल्डर बाहेर काढा, मग स्वतःच्या फाइली लावा. कॉन्फिगची फाइलही पुढे-मागे येऊ देऊ नका. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो झाकता येत नाही, कारण झाकलेला भाग चालत नाही.

चित्र एआय साधनाने काढलेलं असेल तर लेखकाच्या रकान्यात साधनाचं नाव लिहू नका. कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. त्यात तुमचं स्वतःचं काम किती, याचे मधले टप्पे जपून ठेवा.

सीसी झिरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, खुल्या केलेल्या चित्रासाठी अर्ज करणं विसंगत आहे. हक्क खरोखर सोडायचाच असेल तर कलम २१ नुसार रजिस्ट्रारला फॉर्म एकमध्ये कळवता येतं किंवा जाहीर सूचना देता येते.

गेमचं नाव कॉपीराइटमध्ये येत नाही. फोर्क करणाऱ्याने तेच नाव वापरू नये असं वाटत असेल तर ट्रेडमार्क घ्या: डाउनलोड होणाऱ्या गेमला वर्ग ९, ऑनलाइन सेवेला वर्ग ४१, व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये.

प्रमाणपत्र आल्यावर नोंदणी क्रमांक रिपॉझिटरीतल्या परवाना फाइलजवळ लिहून ठेवा, कोडचा कोडपाशी, चित्रांचा चित्रांच्या फोल्डरात. पत्ता किंवा मालक बदलला तर फॉर्म पंधरा आहे. नव्या आवृत्तीसाठी तो चालत नाही. आवृत्ती २ मध्ये इंजिन नव्याने लिहिलं असेल तर नवा फॉर्म चौदा आणि पुन्हा ५०० रुपये.