रक्ताची यादी फुटली, तर गुन्हा कोणता?

नंदुरबारातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर लागलं की रजिस्टरच्या एका ओळीत नाव, वय, पाडा, मोबाइल नंबर येतो आणि शेवटच्या रकान्यात निकाल. एए म्हणजे दोष नाही, एएस म्हणजे वाहक (एकच जनुक सदोष, स्वतः आजारी नाही), एसएस म्हणजे रुग्ण. ही दोन अक्षरं ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकाची खबर देतात.

शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण या टेस्टला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं (त्यात रक्त गोठत नाही) रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या लॅबच्या तपासणीला, जातं. मधल्या दिवसांत कुणी त्या पानाचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर ठणठणीत वाहकही ‘आजारी’ ठरतो. सोयरिकीची बोलणी चालू असलेल्या घराला पुढचा पक्का रिपोर्ट दाखवायलाही कुणी थांबत नाही.

शिवाय गोष्ट एकट्याची राहत नाही. मूल एसएस निघालं की आई-बाप दोघांकडेही एसचं जनुक आहे, हे त्यांची टेस्ट न करताच कळतं. आई-बाप दोघेही वाहक असले आणि त्या मुलाची धाकटी बहीण रुग्ण नसली, तर ती वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २. संमतीची सही एकाची, उघडं पडतं अख्खं घर. नाव खोडलं तरी छोट्या पाड्यात वय आणि आडनाव पुरेसं असतं.

अशा वेळी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचं नाव आधी निघतं. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण कैद नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदामही नाही. कागदी रजिस्टर कपाटात असेपर्यंत या कायद्याबाहेर, फोटो निघाला की आत. जनुकीय माहितीला त्यात वेगळा दर्जाही नाही: फोन नंबर आणि जनुक एकाच पंगतीत.

फौजदारीसाठी उरतं ते मुख्यतः माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२ अ. ३ वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र, तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याकडे. पण माहिती कायदेशीर करारानुसार सेवा देताना हाती आली, ती संमतीशिवाय किंवा करार मोडून दिली, आणि देताना गैरवाजवी नुकसान वा फायद्याचा हेतू किंवा जाणीव होती, हे सगळं सिद्ध करावं लागतं. खासगी लॅबचं बिल आणि संमतीपत्र हाती असेल तर पहिली पायरी सोपी. फुकटच्या शिबिरात करार कुठून दाखवायचा? ‘चुकून ग्रुपवर गेलं, साहेब’ म्हटलं की हेतूही डळमळतो.

चोरीचं कलमही फारसं कामाचं नाही. न्हाव्याकडे पडलेले केस, चहाचा उष्टा कप यांवरून डीएनए काढता येतो. पण टाकून दिलेली वस्तू कुणाच्या ताब्यातच नसते, मग चोरी कसली? ब्रिटनने २००४च्या मानवी ऊतक कायद्याच्या कलम ४५ मध्ये ही फट बुजवली: संमतीविना डीएनए तपासण्याच्या इराद्याने शरीरातला नमुना जवळ बाळगणं हाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे २०१९च्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात कुणाची डीएनए प्रोफाइल बेकायदा उघड केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

कोड्यासारखी गोष्ट अशी की गर्भजल परीक्षणाचा १९९४चा कायदा गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या विकारांची तपासणी करू देतो आणि गर्भलिंग सांगणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद देतो. तोच गर्भ एसएस आहे ही बातमी गावभर केली, तर तसं धारदार कलम नाही. आमच्या मते शिक्षा दोनच कृत्यांना हवी: संमतीविना नमुना तपासणं आणि निकाल जाणूनबुजून बाहेर देणं, मग शिबिर सरकारी असो की खासगी. भाबड्या चुकीसाठी आशाताईला तुरुंगात धाडायची गरज नाही. तिथे प्रशिक्षण आणि कुलूपबंद कपाट पुरे.

यादी फुटलीच, तर आधी मूळ मेसेज पुसू नका. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ एकाच चौकटीत दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पुरावा कोर्टात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवतात, म्हणून फोटो कापू-रंगवू नका. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत सही करायला जावं लागतं. सोबत संमतीपत्राची प्रत जोडा, आणि ती शिबिरातच मागून ठेवा.