बडोद्याच्या मराठी शाळा आणि रोजच्या दहा ओळी

मुलाच्या वहीत चुका दिसल्या की बडोद्याच्या मराठी घरांत आजही एकच उपाय सुचतो: रोज दहा ओळी शुद्धलेखन. पुस्तकातला उतारा समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा उतरवून काढायचा. अक्षर सुधारायला ही सवय चांगली आहे. पण 'फूलाला', 'गरीबाला', 'मुलिला' या चुका तिने जात नाहीत. असे का होते, ते या पद्धतीचा इतिहास पाहिला की कळते.

पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत, बाराखडी आणि पाढे एका सुरात म्हणत, मग कित्ता घटवत. पुढची पायरी मोडीची. गायकवाडांच्या दप्तरातली मराठीही मोडीतच लिहिली जाई. मोडी ही भराभर लिहायची लिपी, आणि तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नसत. कारकुनी करणाऱ्या मुलाला वळणदार आणि वेगवान अक्षर हवे असे. वेलांटी पहिली की दुसरी, यावर त्याची नोकरी अडत नव्हती. तो प्रश्न छापील बालबोधीबरोबर, म्हणजे देवनागरीबरोबर आला. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. तिथून शब्दाचे एकच रूप बरोबर मानायची चाल पडली.

बडोद्यात याला मोठा विस्तार मिळाला. १८७५ मध्ये कवळाण्याहून गायकवाडांच्या गादीवर दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला जेमतेम अक्षरओळख होती. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. राज्यातल्या बहुतेक शाळा अर्थातच गुजराती होत्या. पण सक्तीमुळे वर्ग भरले की शिक्षकाला सगळ्यांना एकाच वेळी देता येईल असे काम हवे असते. उतारा आणि श्रुतलेखन ही तशी कामे आहेत. मला वाटते, या पद्धती टिकल्या त्या मुख्यतः याच सोयीमुळे.

दुसरे कारण भाषेतच होते. त्या काळी 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'तूं' असे लिहावे लागे. हे अनुस्वार कोणी उच्चारत नसे. कुठे ते व्युत्पत्तीमुळे आलेले, कुठे विभक्तीमुळे, कुठे नपुंसकलिंगामुळे. आठ वर्षांच्या मुलाला हे समजावणार कसे? शब्द डोळ्यांत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा उतरवून घेणे, एवढेच शिक्षकाच्या हाती होते. त्या काळात दहा ओळी हा शहाणपणाचाच उपाय होता.

१९६२ मध्ये ही अडचण मोठ्या प्रमाणात संपली. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली, आणि न उच्चारलेले अनुस्वार गेले. पण बडोदा तोवर महाराष्ट्राशी जोडलेले राहिले नव्हते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी होऊन ते गुजरातेत गेले होते. त्यामुळे नवे नियम इथे आदेश म्हणून आले नाहीत. पुस्तकांतून, मासिकांतून हळूहळू झिरपत आले. दांडिया बाजारातल्या घरात आजोबांच्या पत्रात 'घरांत' आणि नातवाच्या वहीत 'घरात', हे सुखाने बरोबर नांदले. अनुस्वार गेले, त्यांच्यासाठी रुळलेली पद्धत मात्र राहिली.

उरला तो ऱ्हस्व-दीर्घ. इथे 'नीट ऐक आणि लिही' हा सल्ला मुलावर अन्याय करतो. 'फुलाला' आणि 'फूलाला' यांतला फरक बोलताना कानाला लागतच नाही. मराठीत तो बहुतेक वेळा अक्षराच्या जागेवरून ठरतो. अकारान्त शब्दात शेवटून दुसरे अक्षर दीर्घ: फूल, दूध, गरीब, वकील. प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व: फुलाला, दुधात, गरिबाला, वकिलांना. म्हणून शब्द एकटा शिकवूच नये, प्रत्ययासह जोडीने शिकवावा. 'गुण', 'विष', 'शरीराला' असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत. त्यांची वेगळी यादी करून ती पाठ करून घ्यावी.

निव्वळ वेळ वाढवून फार काही साधत नाही, हे अमेरिकेत जोसेफ राइस यांनी १८९७ मध्येच दाखवले होते. स्पेलिंगवर रोज पाऊण तास घालवणारी मुले पंधरा मिनिटांच्या मुलांपेक्षा फारशी पुढे नव्हती. पुढे अर्नेस्ट हॉर्न यांनी साधा क्रम सुचवला: आधी शब्द लिहायला घालायचे, मुलाने स्वतः लगेच तपासायचे, चुकलेल्यांचाच अभ्यास करायचा, मग पुन्हा परीक्षा. इंग्रजीचे कोडे वेगळे आहे, तिथल्या शब्दयाद्या आपल्या कामाच्या नाहीत. पण मुलाने आपली वही आपणच तपासण्याची ही रीत मराठीलाही लागू पडते.

बडोद्यात आणखी एक गाठ आहे. गांधीजींच्या गुजरात विद्यापीठाने १९२९ मध्ये जोडणीकोश, म्हणजे शुद्धलेखनाचा कोश काढला आणि गुजरातीचे लेखन पक्के झाले. त्यात 'कवि', 'गुरु' ऱ्हस्व; मराठीत 'कवी', 'गुरू' दीर्घ, आणि समासात पुन्हा 'कविराज'. गुजरातीत 'फूलने', मराठीत 'फुलाला'. २०२३ च्या कायद्याने राज्यात पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, म्हणजे मराठी शाळेतले मूल दोन्ही वळणे रोज पाहते. त्याने 'फूलाला' लिहिले तर ते निष्काळजी नसते. दुसऱ्या भाषेत शिकलेली बरोबर गोष्ट ते इथे लावत असते. अशा वहीवर नुसती लाल फुली मारण्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने आखावेत, एक गुजरातीचा, एक मराठीचा, आणि तेच दहा-बारा शब्द मुलांकडून दोन्हींत भरून घ्यावेत.